पानी येऊन राहिलं

नागपूरच्या उत्तरेला आमचं सौंसर, तिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, बोअरचं, नाहीतर जाम नदीचं, आणि उन्हाळ्यात तर त्याची चौकशीसुद्धा करू नये. त्यामुळे मी थायलंडच्या बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर अख्खा हिवाळा काढून आले हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "अवं, पण पाय कुठी टेकवत होती?" प्रश्न अगदी बरोबर होता. हे सगळं लेखन म्हणजे त्या प्रश्नाचं जरा ऐसपैस उत्तर आहे.

आधी आमच्या कॅप्टनची ओळख करून देते. कॅप्टन म्हणजे माझे यजमान, विलास. मूळचे पुण्याजवळच्या खडकीचे, आणि सारी नोकरी मालवाहू जहाजांवर. मी सौंसरची. लोधीखेड्याच्या रस्त्याला माझ्या वडिलांची संत्र्याची बाग आहे, ती मी सांभाळली, दोन पोरी वाढवल्या, त्यांची लग्नं लावली. कॅप्टन सुटीवर यायचे, पण त्या सुटीचेही वाटे पडत: अर्धी पुण्यात आईकडे, उरलेली माझ्याकडे. पाहुण्याला वाढतात तसं मी त्यांना वाढलं आणि पाहुण्याला पोचवतात तसं नागपूरला गाडीत बसवून दिलं. भांडायलासुद्धा आम्हाला पुरेसा वेळ मिळाला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाषेचंही तसंच. नवी नवरी म्हणून खडकीला गेले, तेव्हा सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "काय करतेस गं?" मी म्हटलं, "भाजी करून राहिली." त्या म्हणाल्या, "करून राहिलीस ना? मग ताटं घे." इथे भाजी अजून चिरायची होती. आमच्याकडे 'करून राहिली' म्हणजे करते आहे, हात अजून कामात आहेत. पुण्याच्या कानाला ऐकू येतं की बाईंनी काम उरकलं आणि आता निवांत राहिल्या. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. मीही हसले, आणि पुढे कॅप्टनशी बोलताना जमेल तितकं पुस्तकी बोलायला लागले.

निवृत्त झाल्यावर कॅप्टननी सौंसरला येऊन राहावं अशी माझी साधी इच्छा. त्यांनी काय करावं? फुकेतला एक जुनी शिडाची बोट घेतली! म्हणाले, "तू चल. आपण दोघंच राहू." मी अट घातली. "येते. पण होळीला मी सांगेन ते ऐकायचं. ठेवा म्हटलं तर ठेवायची, विका म्हटलं तर विकायची." त्यांनी लगेच मान डोलावली. मला मात्र दोन्हीकडून धास्ती होती. बोट ठेवली तर हा माणूस पुन्हा समुद्राचा होणार, आणि विकली तर बागेत कुंपणाला टेकून क्षितिज शोधत बसणार. मला बोट नको होती आणि बोटीचे पैसेही नको होते. तीस वर्षं येऊन गेलेला नवरा एकदाचा राहिलेला हवा होता.

निघताना शेजारच्या काकूंनी जामसावळीच्या मारुतीचा नारळ आणून हातात दिला. आम्ही बौद्ध, हे काकूंना चांगलं ठाऊक आहे. "ठेव बाप्पा," त्या म्हणाल्या, "समुद्रावर कोन कोनाचा देव इचारते?" मी नारळ मानत नाही, पण काकूंना मानते. नारळ सामानात गेला. त्याच्याशेजारी गेलं चण्याच्या डाळीचं पीठ, तिखट, खलबत्ता, गोणी शिवायची दाभण आणि सायकलच्या दोन जुन्या ट्यूबी. ट्यूबी पाहून कॅप्टन म्हणाले, "लोक लोणचं नेतात." मी म्हटलं, "लोणचं खाली आहे."

फुकेत

पहिला आठवडा मी समुद्रावर नव्हतेच. बोट जमिनीवर लोखंडी टेकूंवर उभी होती आणि आम्ही शिडी लावून वर घरात जात होतो. दिवसभर तिच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, घासायचं, मग विषारी निळा रंग द्यायचा, म्हणजे पुढच्या शिंपल्यांना ती आवडत नाही. उकाडा असा की रंग डब्यातच वाळायला बघे. आजूबाजूच्या बोटींवर गोरे म्हातारे-म्हाताऱ्या हेच करत होते. मला वाटलं होतं की बोटीवर राहणारे लोक डेकवर आडवे पडून सरबत पितात. ते फोटोपुरतं. बाकी वेळ सगळे कुठल्यातरी फटीत डोकं घालून शिव्या देत असतात, आणि हे पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बागही अशीच असते.

नाव मी ठेवलं: आंबिया. संत्र्याच्या झाडाला आंबिया बहारासाठी आधी ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड मलूल होतं, बघवत नाही. मग पाणी सोडलं की पांढऱ्या फुलांनी डवरतं. आमच्या संसाराला ताण भरपूर बसून झाला होता, आता पाणी सोडायला हरकत नव्हती. कॅप्टनना मी एवढं सगळं सांगितलं नाही. "छान आहे, सोपं आहे," ते म्हणाले आणि रंगवायला लागले.

पाण्यात उतरल्यावर माझी शाळा सुरू झाली. दोर कसा गुंडाळायचा, संडासचा पंप कसा मारायचा (तो मी एकदा उलटा मारला, त्याबद्दल अधिक लिहीत नाही), गोडं पाणी कसं वाटी-वाटीने वापरायचं. हा शेवटचा धडा मी त्यांना दिला. उन्हाळ्यातल्या सौंसरात वाढलेल्या बाईला पाणी पुरवायला शिकवायचं नसतं. एक फळी उचलून त्यांनी बोटीचं बूड दाखवलं. तळाशी पाणी चकाकत होतं. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथून थेंब थेंब गळत होतं, अगदी ठिबकच्या नळीसारखं.

"हे असं असणारच," कॅप्टन म्हणाले. "बुडाशी थोडं पाणी येऊन राहतं. दोन दिवसांनी उपसायचं. त्याला घाबरायचं नाही."

"मी काहून घाबरू? मी गोटमारीच्या मुलखातली आहे," मी म्हटलं. गोटमार म्हणजे आमच्या शेजारच्या पांढुर्ण्याचा सण, त्यात दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात.

को याओ

फुकेतच्या पूर्वेला को याओ नावाचं मोठं बेट आहे. समुद्रातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे कडे, त्यांच्या डोक्यावर झाडी, खाली हिरवं पाणी. तिथे आम्ही नांगर टाकला. मराठीत नांगर शेतकऱ्याचाही आणि खलाशाचाही, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. आमचा नांगर जमीन उलटी करतो, त्यांचा नुसता धरून ठेवतो. साखळी सुटताना खडखडाट झाला आणि बोट हळूच वळून वाऱ्याकडे तोंड करून थांबली. हा क्षण मला फार आवडायचा, आणि पुढे नांगर टाकायचं काम मी माझ्याकडेच घेतलं.

किनाऱ्यावरच्या गावात रबराच्या झाडांचा चीक गोठवून केलेल्या पांढऱ्या चादरी तारेवर वाळत होत्या. बाजारात हिरव्या सालीची संत्री दिसली. मी तोंड वाकडं केलं. हिरवं संत्र आमच्याकडे कोणी फुकट घेत नाही. विकणाऱ्या बाईने एक सोलून हातावर ठेवलं. गोड होतं, चांगलंच गोड होतं. मी किलोभर घेतली आणि बिया थुंकत कॅप्टनना सांगितलं की पांढुर्ण्याच्या संत्र्याची सर नाही.

तिथून निघताना मोठं शीड शिवणीवर उसवलं. उन्हाने दोरा कुजला होता. कॅप्टन फुकेतला परतून शीड शिवणाऱ्याकडे न्यायचं म्हणत होते. मी दाभण काढली. गोणीचं तोंड आणि शिडाची शिवण यांत फरक एवढाच, की शीड शिवताना ते तुमच्या मांडीवरून उडून जायला बघतं. कॅप्टन त्यावर आडवे पडले आणि मी त्यांच्याभोवतीने शिवत गेले. दुपारभर आम्ही पोरींबद्दल बोलत होतो. धाकटी लहानपणी कशी पडली, थोरलीने कॉलेजात काय गोंधळ घातला. त्यांना यातलं बरंच माहीत नव्हतं. ते ऐकत राहिले, आणि एकदा म्हणाले, "मी कुठे होतो तेव्हा?" मी म्हटलं, "ब्राझील." तेही खरंच होतं.

को फयामच्या वाटेवर

उत्तरेला को फयाम नावाचं काजूच्या झाडांचं छोटं बेट आहे. तिथे पोचायच्या दिवशी दुपारी वारा पडला. बेटाच्या टोकाला काळे खडक पाण्याबाहेर डोकी काढून उभे होते आणि पाण्याची ओढ आम्हाला त्यांच्याकडेच नेत होती. कॅप्टननी इंजिन लावलं आणि सुकाणू धरून डोळे खडकांवर रोवले. मी खाली झुणका टाकत होते.

पायाला गार लागलं. पाहिलं तर फळीच्या फटीतून पाणी वर येऊन माझ्या बोटांवरून गेलं. मी फळी उचलली. तळाशी चकाकणारं ते शहाणं पाणी नव्हतं. इंजिनच्या बाजूने लोट येत होता आणि बघता बघता चढत होता.

माणूस घाबरला की त्याच्या तोंडून माहेर बोलतं. मी ओरडले, "अवो, पानी येऊन राहिलं!"

वरून आवाज आला, "असू दे!"

मला माझे कान खोटे वाटले. पुन्हा ओरडले, "अवो, लय पानी येऊन राहिलं!"

"राहिलंय ना? मग राहू दे! पोचल्यावर उपसू!"

आता मला संताप आला. बोट बुडते आहे आणि हा माणूस राहू दे म्हणतो! मी जिन्यावरून अर्धी वर गेले, ओल्या हाताने त्यांची पँट धरून हिसका दिला आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडावर म्हटलं. ते चिडून म्हणाले, "अगं, बोटीत पाणी राहतंच, सांगितलं होतं ना!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सासूबाईंची ताटं वाजली. मी घसा साफ केला आणि शुद्ध पुण्याच्या मराठीत म्हणाले, "पाणी येतंय. अजून येतंय. थांबलेलं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. एकदा खडकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सुकाणू सोडता येत नव्हतं. "इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारा पाइप फुटला असणार," ते म्हणाले. "बुडाशी कॉक आहे, तो बंद कर. उजवीकडे... नाही, खाली कुठेतरी..." खरं सांगायचं तर त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. मोठ्या जहाजावर पाण्या-तेलाचं बघणारी माणसं वेगळी असतात, कॅप्टनने वरून हुकूम सोडायचा.

मी खाली गेले आणि इंजिनामागे पालथी पडले. काही दिसत नव्हतं. पण बागेत चिखलात बुडालेली फुटकी नळी कोण डोळ्यांनी शोधतं? नळीवर हात ठेवायचा आणि हाताने चालत जायचं, कॉकपर्यंत. मी तेच केलं. दांडी हाताला लागली, पण घट्ट बसली होती. सगळं अंग टाकून ओढली. वळली. लोट बसला, धार झाली, धारेचे थेंब झाले.

"बंद झालं!" मी ओरडले. हे पुण्यातही कळतं.

इंजिन बंद करावं लागलं. कॅप्टननी पुढचं शीड उलगडलं. वारा उसासा टाकावा इतकाच होता, पण तेवढ्यावर त्यांनी बोट खडकांच्या बाजूने अशी काढली की मी श्वास घ्यायचा विसरले. ते काम माझ्याच्याने सात जन्मांत झालं नसतं. टोक मागे पडलं, उथळ वाळू दिसली आणि मी नांगर टाकला.

मग आम्ही बादल्यांनी पाणी उपसलं. फुटक्या पाइपवर मी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळली, बागेत गुंडाळतात तशी, आणि वरून तारेने आवळली. लोणच्याबद्दल या वेळी कोणी काही बोललं नाही. झुणका करपला होता, तोही आम्ही खाल्ला.

खाऊन झाल्यावर मी बोलले, आणि चांगली बोलले. म्हटलं, "पानी घुसलं याचं मले काही नाही. पाइप आहे, फुटते. पण मी तीनदा ओरडली आन् तुमाले समजलं नाही. तीस वर्सं झाले लग्नाले. तुमच्या पोरी असंच बोलतात, जावईबी बोलतात. गल्लीतल्या कुत्र्याले समजते. तुमी राहिलेच नाही न आमच्यात, तं 'राहिलं' कसं समजन?"

डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत. कॅप्टन बादलीचा कान चाळवत बसले. मग म्हणाले, "मला माफी मागायची नाही, ती फार सोपी आहे. मला शिकव." थोड्या वेळाने उठले, ताटल्या गोळा केल्या आणि पाठमोरे होऊन म्हणाले, "मी भांडी घासून... राहिलो?"

"राहिले नाही अजून," मी म्हटलं. "पयले घासा तं खरं." पण वाक्य बरोबर होतं.

को फयाम

बेटावरच्या धक्क्याजवळ, समुद्राच्या अगदी काठाला विहार आहे. सकाळी गेलो. आत भिक्खू आणि गावातल्या दहा-बारा बायका वंदना म्हणत होत्या. थाई मला ओ की ठो कळत नाही, म्हणून मी नुसते हात जोडून मागे बसले. आणि ऐकू आलं, "नमो तस्स फखवतो." मग, "फुत्थं सरणं खच्छामि." अंगावर काटा आला. लहानपणी बाबांचं बोट धरून सौंसरच्या विहारात जे म्हटलं, तेच हे! त्यांच्या तोंडात 'ग'चा 'ख' आणि 'ब', 'भ'चा 'फ' झाला होता एवढंच. मी आमच्या उच्चाराने मोठ्याने म्हणायला लागले, कॅप्टनही लागले. पुढच्या बाईने वळून पाहिलं, सरकून जागा दिली आणि माझा हात हातात घेतला.

तिला सगळे पा नोई म्हणत. पा म्हणजे मावशी. नंतर ती आम्हाला तिच्या खाणावळीत घेऊन गेली आणि मोठ्या खलात कच्ची पपई, मिरच्या, लसूण, शेंगदाणे कुटायला लागली. मी म्हटलं, हा तर ठेचाच, नुसता पपईच्या नादी लागलेला. तिला वाटलं की मला तिखट सोसायचं नाही, म्हणून मिरची काढायला लागली. मी तिचा हात धरला आणि आणखी चार टाकायला लावल्या. मी ते हूं न करता खाल्लं. पा नोईने कपाळाला हात लावून आख्ख्या खाणावळीला बोलावून मला दाखवलं. कॅप्टन पाण्याची तिसरी बाटली उघडत होते.

परत येताना होडीत मी त्यांना म्हटलं, "खच्छामिचं गच्छामि तुम्हाला लगेच कळलं."

"कळलं," ते म्हणाले. "ते रोज म्हणत होतो." आणि वल्हं मारायला लागले.

होळी

होळीला आम्ही पुन्हा फुकेतच्या खाडीत होतो. पाइप नवा बसला होता, पण ट्यूबची पट्टी मी काढून जपून ठेवली होती. कॅप्टननी चहा केला, समोर बसले आणि म्हणाले, "सांग आता. मी ऐकून राहिलो."

मी काकूंचा नारळ फोडला. अर्धी वाटी त्यांना दिली, अर्धी मी घेतली.

"ठेवा बोट," मी म्हटलं. "हिवाळा तुमच्या पाण्यात. पण पावसाळा माझ्या बागेत. पाहुणा म्हणून नाही. काम करायचं."

"मला बागेत काय येतं?"

"मले बोटीतलं काय येत होतं?"

ते हसले नाहीत. खोबरं चावत समुद्राकडे पाहत राहिले. ती नजर मी नागपूरच्या फलाटावरून कितीदा तरी पाहिली होती. मग म्हणाले, "ठिबकच्या नळ्या मी बघेन." आंबियाला आम्ही पुन्हा लोखंडी टेकूंवर चढवलं, तिची शिडं उतरवून घडी करून ठेवली आणि परत आलो.

सौंसर

आता मृगाच्या आधीची तयारी चालू आहे. क्षारांनी तुंबलेल्या नळ्या कॅप्टन एकेक करून धुतात, आणि कुठे कॉक आहे ते पाठ करतात. ही खोड त्यांना को फयामला लागली. गडी त्यांना कप्तानसाब म्हणतात. एकदा त्यांनी मोटार सुरू केली आणि कॉक उघडायचा विसरले. बांधावर कारंजं उडालं. मला संडासचा पंप आठवला आणि मी जाऊन कॉक उघडला.

परवा ते पांढुर्ण्याला नळीचे जोड आणायला गेले होते. ऊन उतरलं, चहा उकळून गार झाला, माणूस येईना. मला जुनी धडकी भरली. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका हिवाळ्यात जाते? मी फोन लावला.

"कुठी आहे तुमी?"

मागे एसटीच्या थांब्यावरचा गलका ऐकू येत होता. "येऊन राहिलो," ते म्हणाले.

मी विचारलं, "हे आमच्यातलं राहिलो, का तुमच्यातलं?"



"आधी तुमच्यातलं," ते म्हणाले. "मग आमच्यातलं."

मी चहा पुन्हा गरम करायला ठेवला.